मणीकाठ शिकवणारा घरपोच संच: तिसऱ्या धड्यासाठी घ्या, मणी मात्र आपले वापरा

आमच्या नाचाच्या गटात अकरा जणी नाचतात आणि मी एकटी शिवते. मशीनवरचं मला काहीही सांगा. उंची कमी करणं, चेन बदलणं, ऐन वेळी उसवलेली शिवण आतून टिपणं, सगळं जमतं. कडेला मणी लावायचे म्हटलं की मात्र मी आजवर तयार मण्यांची पट्टी आणून शिवून टाकायचे. ती पट्टी सलग एकाच दोऱ्यावर ओवलेली असते. एका जागी दोरा तुटला की पुढची वीतभर माळ आपोआप निसटते. मागच्या कार्यक्रमात तेच झालं. गिरकी घेताना एकीच्या गळ्यावरची पट्टी तुटली, मणी रंगमंचभर पसरले आणि पुढची दोन मिनिटं अकरा जणी अनवाणी पायांनी त्यांच्यावरून नाचल्या. नशिबानं कोणी घसरलं नाही. पडद्याआड आल्यावर एकीनं तळपायात रुतलेला मणी काढून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "मावशी, हा तुमचा."

त्याच रात्री हा संच मागवला. विकणाऱ्यांचं नाव मुद्दाम गाळतेय. तक्रारी बऱ्याच आहेत, आणि असे संच आता पुष्कळ जण विकतात. त्यातल्या बहुतेकांना हे लागू पडेल.

डब्यात चार रंगांचे 11 नंबरचे काचेचे मणी, थोडे नळीचे मणी, 10 नंबरच्या तीन सुया, नायलॉनचं रीळ, मधमाशीच्या मेणाची वडी आणि सरावाला फेल्टची पट्टी. सोबत सहा व्हिडिओ धडे आणि तीन महिने शंका विचारायची सोय. नंबरांचा हिशेब उलटा असतो हे मला इथेच कळलं. 8 नंबरचा मणी साधारण 3 मिलिमीटरचा, 11 चा 2 चा, 15 चा त्याहून बारीक. सुईचंही तसंच, 12 नंबरची सुई 10 पेक्षा बारीक. मग बारीक मण्यांच्या संचात जाड सुई का दिली? उत्तर नाही. 10 ची सुई मण्यातून दोनदा आरामात जाते, तिसऱ्यांदा अडते. आपण जोर लावतो आणि मणी टचकन फुटतो. मी पहिल्या संध्याकाळी सात मणी फोडले, मग 12 च्या सुया वेगळ्या मागवल्या.

पहिला धडा सुईत दोरा ओवण्याचा. मी पुढे ढकलणार होते, तीस वर्षं ओवतेच आहे. बरं झालं ढकलला नाही. मण्यांच्या सुईचं नेढं इतकं चपटं आणि अरुंद असतं की चष्मा लावूनही दोरा नेमका बाजूनं जातो. शिकवणाऱ्या बाई दोऱ्याचं टोक तिरपं कापतात, नखानं चपटं करतात, मग अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत असं धरतात की टोक जेमतेम ठिपक्याएवढं दिसावं. आणि वरून सुई त्या ठिपक्यावर उतरवतात. दोरा हलतच नाही, हलते ती सुई. आता मी मशीनच्या सुया सोडून सगळ्या अशाच ओवते.

दुसऱ्या धड्यात मुख्य टाका. इंग्रजीत त्याला 'पिको' म्हणतात, पण पिको म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मशीनची कड येते, म्हणून मी कंगोरा म्हणते. कडेतून सुई वर काढायची, तीन मणी घ्यायचे, दोन मण्यांएवढी जागा सोडून कापडात टाका घालायचा आणि सुई परत तिसऱ्या मण्यातून वर न्यायची. पहिला कंगोरा झाला. पुढच्यापासून दोनच मणी घ्यायचे, कारण आधीचा शेवटचा मणी दोघांत सामायिक. मधला मणी आपोआप टोक काढून उभा राहतो. करायला सोपं आहे, दिसायला भारी दिसतं. फेल्टवर तर पहिल्याच दिवशी जमतं आणि आपल्याला आलं असं वाटायला लागतं.

संचाचे पैसे वसूल होतात ते तिसऱ्या धड्यात. बाई पूर्ण झालेली पट्टी कॅमेऱ्यासमोर धरतात आणि कात्रीनं मधोमध दोरा कापतात. मग पट्टी झटकतात. मेजावर तीन मणी पडतात. फक्त तीन. दर चार कंगोऱ्यांनंतर त्या कापडातच एक उलटा टाका घेतात, दोऱ्याच्या फासातून सुई नेऊन बारीक गाठ मारतात आणि पुढे जातात. म्हणजे दोरा कुठेही तुटो, पुढच्या-मागच्या गाठी बाकीची कड धरून ठेवतात. मी तो भाग चार वेळा पाहिला. माझ्या तयार पट्ट्यांत नेमकं हेच नव्हतं.

याच धड्याच्या शेवटी ताणाच्या कापडाबद्दल सांगितलंय, पण जेमतेम दीड मिनिट. मी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि लायक्राच्या पोशाखाचा गळा तसाच मोकळा मांडीवर घेऊन शिवला. पाच संध्याकाळी लागल्या. सुरेख दिसत होता. जिचा होता ती घालायला गेली तर गळा डोक्यातून खालीच येईना, आणि जरा ओढल्यावर आतून तट-तट असे दोन आवाज आले. आम्ही दोघीही तशाच थांबलो. हळूच परत काढला. मोजला तर मोकळी कड 40 सेंटिमीटर, आणि डोक्यातून जायला ती 58 व्हायला हवी. दोरा कुठून ताणणार?

फोटो पाठवून विचारलं. दोन दिवसांनी बाईंचं उत्तर आलं, तेही नीट, माझाच फोटो समोर ठेवून लिहिलेलं. कड 58 पर्यंत ताणून उशीवर टाचण्यांनी पक्की करा आणि मग शिवा. गाठ मारताना दोरा ओढून आवळू नका. सगळं उसवून तसं केलं. टाचण्या काढल्यावर कंगोरे दाटीवाटीनं उभे राहतात आणि आपलं चुकलं असं वाटतं. अंगात घातल्यावर एकेक आपापल्या जागी बसतो. हा दीड मिनिटांचा मजकूर खरं तर अख्खा धडा व्हायला हवा होता. नाचाचा पोशाख म्हटला की ताण आलाच.

आता मण्यांबद्दल. डब्यातले लाल आणि निळे ठीक. सोनेरी मात्र दोन तालमींत पांढुरके झाले, तेही नेमके जिथे घाम येतो तिथे, बगलेजवळच्या कडेला. हा सोनेरी रंग काचेवर बाहेरून चढवलेला असतो. घाम आणि घासणं यापुढे तो टिकत नाही. मी नंतर मियुकी या जपानी कंपनीचे ड्युराकोट, म्हणजे टिकाऊ मुलाम्याचे, सोनेरी घेतले. जपानी मणी आकारालाही सारखे असतात, त्यामुळे कंगोरे वरखाली होत नाहीत. चार महिने झाले, रंग जागेवर आहे. एका गळ्याला लागतात किती? 58 सेंटिमीटरला साधारण 145 कंगोरे, म्हणजे तीनशेच्या आत मणी, म्हणजे 3 ग्रॅमसुद्धा नाहीत. चांगले मणी घेतल्यानं कोणी कंगाल होत नाही. रंगाची शंका असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्यात दहा-बारा मणी गुंडाळून रात्रभर ठेवा आणि सकाळी चोळून बघा. मी आता प्रत्येक नव्या पुडीला हेच करते.

दोरा बरा होता, मेण लावून. नळीच्या मण्यांना मात्र तो पुरला नाही. त्यांची टोकं कापलेल्या काचेची असतात आणि दोरा करवतीसारखा चिरतात. दोन्ही टोकांना एकेक साधा मणी घ्या, हे धड्यात आहे, पण ओझरतं. तिथे मी फायरलाइन नावाचा दोरा वापरते, 6 पौंडांचा ताण सोसणारा. मूळचा मासे पकडायच्या गळाचा, म्हणून चिवट. काळपट रंगाचा घेऊ नका, बोटं आणि फिकट कापड दोन्ही काळं होतं.

सहावा धडा झालरीचा, नऊ मिनिटांचा. नऊ मिनिटांत झालर! एक सर कशी ओवायची, शेवटचा मणी सोडून सुई परत वर कशी न्यायची, एवढंच. वजन किती होतं, ताणाचं कापड त्या भारानं कसं लोंबतं, यावर चकार शब्द नाही. झालर आधी वेगळ्या फितीवर शिवावी आणि ती फीत पोशाखाला टाचावी, म्हणजे धुताना उसवून काढता येते, हे मी एक पोशाख धुवून खराब केल्यावर शिकले.

चौथा आणि पाचवा धडा चालता-चालता बघितला तरी चालेल.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण त्या कात्रीचा. अकरापैकी सात गळे झालेत, एकेकाला आता अडीच तास लागतात. जिनं मणी हातावर ठेवला होता तिचा गळा मी सगळ्यात आधी केला, आणि गाठी चाराऐवजी दर तीन कंगोऱ्यांनी मारल्या.