साडेसातशे रुपयांची लोहारी कुऱ्हाड: दिवाळी ते मृग, साडेसात महिन्यांचा अनुभव

संगमेश्वर तालुक्यात आमची पावणेदोन एकर जागा आणि जुनं घर आहे. चूल रोज पेटते, आंघोळीचं पाणी लाकडावरच तापतं. महिन्यातून दोनदा पुण्याहून जातो. बरोबर भाचरं असली की रात्री घरामागच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, तंबू ठोकतो आणि शेकोटी करतो. लाकूड सगळं पडीक, वाऱ्याने मोडलेल्या आंब्याच्या आणि ऐनाच्या फांद्या. माझा वापर एवढाच, पण तो नियमित आहे.

आधी एक लहान कुऱ्हाड ऑनलाइन मागवली होती. प्लास्टिकची मूठ, वर छान काळा रंग. तिसऱ्या दिवशी वाळलेल्या ऐनावर घाव घातला तर धार फुटली नाही, चक्क वळली. कानस लावून पाहिली तेव्हा कळलं, लोखंड इतकं मऊ होतं की कानस लोण्यासारखी शिरत होती. तेव्हापासून मी कुठलंही पातं विकत घेताना खिशात छोटी कानस नेतो. कानस नुसती घसरली तर पातं फार कडक, दगडाला लागलं की टवका उडणार. अलगद शिरली तर पाणी नीट दिलेलं नाही, म्हणजे पातं तापवून, विझवून कडक केलेलं नाही. थोडा जोर लावल्यावर चावली, की घ्यावं.

दिवाळीच्या आधी बाजाराच्या रस्त्याला एक घिसाडी, म्हणजे फिरत्या लोहारांचं, कुटुंब पाल ठोकून बसलं होतं. आजोबा सांडशीत लोखंड धरून बसलेले, सून घण मारत होती, नातू भात्यावर. ट्रकच्या कमानीचा तुकडा तापत होता. हे कमानपट्ट्याचं पोलाद स्वस्त कुऱ्हाडीसाठी फार चांगलं. त्यात अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त कार्बन असतो, म्हणून ते पाणी धरतं. साध्या सळईच्या लोखंडात तेवढा कार्बन नसतो, कितीही विझवा, ते मऊच राहतं.

मी म्हटलं, "आजोबा, रानात न्यायची आहे, हलकी हवी."

"मग किलोच्या आतली घे. आनि दांडा आमचा घेऊ नको, वला हाय."

दुकानदार स्वतःचा दांडा घेऊ नको म्हणतो, त्याच्याकडून कुऱ्हाड घ्यायला मला विचार करावा लागला नाही. मी दोन गोष्टी सांगून करून घेतल्या. एक, दांड्याचं भोक गोल नको, अंडाकृती हवं. गोल भोकात पातं फिरतं आणि घाव तिरका पडतो. दुसरी, भोक वरून रुंद आणि खालून अरुंद, टिकावाला असतं तसं. म्हणजे दांडा वरून ओवायचा, पाचर मारायची नाही. पातं भरलं 900 ग्रॅम, 600 रुपये घेतले. मी घासाघीस केली नाही.

या वरून ओवायच्या दांड्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते या कुऱ्हाडीचा सगळ्यात मोठा फायदा तोच आहे. कोकणात पावसात लाकूड फुगतं आणि एप्रिलच्या उन्हात आक्रसतं. पाचरीचा दांडा आक्रसला की पातं डुगडुगतं, आणि एखाद्या घावाला उडून जातं. लोक कुऱ्हाड रात्रभर पाण्यात बुडवून ठेवतात. लाकूड फुगून तेवढ्यापुरतं घट्ट होतं, पण फुगताना ते भोकात दाबलं जातं आणि वाळल्यावर आधीपेक्षा सैल पडतं. टिकावासारख्या दांड्यात घाव घालताना पातं जाड टोकाकडे ओढलं जाऊन आणखी घट्ट बसतं. सैल झालंच तर कुऱ्हाड उलटी धरून दांड्याचं वरचं, जाड टोक दगडावर दोनदा आपटायचं. एक खबरदारी मात्र हवी: घाव घालत नसताना सैल पातं हाताकडे घसरू शकतं, म्हणून उचलण्याआधी दरवेळी चाचपून पाहावं. प्रवासात पातं काढून गोणपाटात गुंडाळतो.

पहिला दांडा मी सागाच्या फळीतून कापला. दोन महिन्यांत मोडला. चूक माझी होती. फळीत लाकडाच्या रेषा तिरक्या गेल्या होत्या, आणि त्या दांड्याच्या लांबीने न धावता कडेला बाहेर पडल्या की तिथेच तो तुटतो. शिवाय साग दारं-खिडक्यांना उत्तम असला तरी हिसके सोसायला तो नाही. गावातल्या सुतारकाकांनी चुलीवर धुरात टांगून ठेवलेला धामणीच्या लाकडाचा तुकडा काढून दिला, 150 रुपयांत. धामण लवचिक, रेषा सरळ. पूर्वी धनुष्यालाही ती वापरत. बावीस इंचांचा दांडा केला. भोकात बसवण्यासाठी काकांनी शिकवलेली युक्ती फार उपयोगी पडली: भोकाला आतून कंदिलाची काजळी पुसायची, दांडा ओवून काढायचा, जिथे काळं लागलं तेवढंच तासायचं. पंधरा-वीस वेळा करावं लागलं, पण जानेवारीपासून तो दांडा तसूभर हललेला नाही. शेवटी काचेच्या तुकड्याने गुळगुळीत केला आणि जवसाच्या तेलाचे तीन हात दिले. तेलाची चिंधी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि अशा बोळ्याने आपोआप पेट घेतल्याचे प्रकार होतात. चिंधी उलगडून बाहेर वाळत घालायची.

आता प्रत्यक्ष कामाचं. फोडायला ही कुऱ्हाड झकास आहे. पात्याचे गाल जाड, त्यामुळे घाव बसला की लाकूड दोन्हीकडे ढकललं जातं, पातं अडकत नाही. आंब्याचा वीतभर जाडीचा ओंडका दोन-तीन घावांत उकलतो. वाळलेला ऐन आणि गाठीची बाभूळ यांना वेळ लागतो, तिथे मी मधोमध न मारता कडेकडेने ढलपे काढतो. पण आडवं तोडायला ही बरी नाही. त्याच जाड गालांमुळे ती खोल शिरत नाही. मित्राकडे स्वीडनची घडीव कुऱ्हाड आहे, हिकरी या परदेशी लाकडाच्या दांड्याची. तिचं पातं पातळ, आडव्या फांदीत ती सुरीसारखी जाते, मला ती खरंच आवडली. पण तेवढ्यासाठी मी पैसे घालणार नाही. आडवं कापायला घडीची करवत ठेवतो, आणि काटक्यांना कोयता. मनगटाएवढ्या जाडीपर्यंत कोकणातल्या कोयत्याला तोड नाही. तुमचं काम तेवढंच असेल तर कुऱ्हाड घेऊच नका.

मार्चमध्ये एक घाव चुकून जांभ्यावर बसला आणि धारेला गव्हाच्या दाण्याएवढा टवका गेला. ग्राइंडरवर नेली नाही, कारण तिथे धार निळी पडेपर्यंत तापली की दिलेलं पाणी उतरतं आणि पातं मऊ होतं. नशिबाने घिसाडी कुटुंब पुन्हा आलं होतं. आजोबांनी पन्नास रुपयांत शेवटून दिली. लाल करून टोक ठोकलं, तेलात विझवलं, मग पातं घासून पुन्हा हलकं तापवलं आणि धारेवर गवताच्या रंगाची पिवळी झाक चढताच बाजूला घेतलं. त्यानंतर धार आधीपेक्षा जास्त टिकते आहे. एरवी दर भेटीला कानशीचे दहा-बारा हात आणि वर निसणा, एवढ्यात भागतं. गंजासाठी खोबरेल पुसतो.

आखूड दांड्याची एक भीती सांगितलीच पाहिजे. लांब कुऱ्हाडीचा घाव हुकला तर ती जमिनीत जाते, आखूड हुकली तर नडगीवर येते. म्हणून मी नेहमी ठोकळ्यामागे गुडघे टेकून फोडतो, आणि मुलांना चार पावलं लांब बसवतो. थोरली भाची चौदाची आहे, तिला यंदा याच पद्धतीने शिकवलं, ती आता बारीक ढलप्या छान काढते.

आणि ही कुऱ्हाड घेऊन अभयारण्यात किंवा राखीव जंगलात जाऊ नका. 1927 च्या वन कायद्याने राखीव जंगलात झाड तोडणं आणि आग लावणं दोन्ही गुन्हा आहे. स्वतःच्या जागेतसुद्धा आंबा, फणस, साग, ऐन यांसारखं उभं झाड तोडायला राज्याच्या 1964 च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते. भटकंतीच्या मुक्कामाला मी स्टोव्हच नेतो, कुऱ्हाड फक्त आमच्या सड्यावर.

मे महिन्यात आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवायची, लाकडं फोडली. दोन दिवस मी आणि भाऊ आलटून पालटून, पडवी छपरापर्यंत भरली. दांडा टिकला, धार एकदाच लावली. भावाने त्याच्यासाठी सातशे ग्रॅमचं पातं सांगून ठेवायला सांगितलं आहे. घिसाडी कुटुंब आता दिवाळीलाच येईल, तोवर दांड्यासाठी धामणीचा दुसरा तुकडा सुतारकाकांनी चुलीवर टांगला आहे.