खुब्याचा कृत्रिम सांधा: धातूवर धातू की प्लास्टिकची वाटी?

दोन्हीत मांडीच्या हाडावर गोळा आणि कमरेत वाटी बसवतात. फरक आहे तो घासणाऱ्या पृष्ठभागांचा.

धातूच्या गोळ्याला धातूचीच वाटी हा पर्याय तरुण, धावपळीच्या रुग्णांसाठी पुढे आला. मोठा गोळा निखळत नाही आणि झीजही कमी, असा दावा होता. प्रत्यक्षात घर्षणातून कोबाल्ट आणि क्रोमियमचे सूक्ष्म कण सुटतात, रक्तात उतरतात. काही रुग्णांत सांध्याभोवतीचे स्नायू मरतात, गाठी होतात. क्वचित कोबाल्टचा हृदयावर, ऐकण्यावर, दृष्टीवरही परिणाम होतो. डेप्यू या कंपनीचा एएसआर हा धातूवर धातूचा सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत घेतला गेला. भारतात तो सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत वापरला गेला होता. या माणसांना भरपाईसाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले, हे मला अजून अस्वस्थ करते.

पॉलिथिलीन या प्लास्टिकची वाटी आणि सिरॅमिकचा किंवा धातूचा गोळा हा जुना मार्ग. पूर्वी प्लास्टिकच्या कणांनी आसपासचे हाड झिजायचे. नव्या, किरणोत्सर्गाने मजबूत केलेल्या प्लास्टिकने ती झीज बरीच घटवली. मी हाच निवडेन.

आधीच धातूवर धातू बसवलेला असेल, तर दुखत नसले तरी रक्तातील कोबाल्ट-क्रोमियम तपासून घ्या.