फिरणारी की स्थिर? मागे तोंड करून बसवायच्या कार सीटचा तुलनात्मक आढावा

मूल गाडीत मागे तोंड करून बसवायचं, हे तुमच्या घरात ठरलंय असं धरून चालतो. घरात कुणाला अजून पटलं नसेल तर एवढंच सांगा की ताशी ५० किलोमीटर वेगात झालेली धडक म्हणजे साधारण दहा मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडणं. त्या क्षणी लहान मुलाचं जड डोकं पुढे झेपावतं आणि मान अजून कच्ची असते. तोंड मागे असलं की तो भार पाठ, मान आणि डोकं या सगळ्यांवर मिळून सीटच्या पाठीत जिरतो. मांडीवरचं मूल अशा वेळी कुणाच्याच हातात राहत नाही, आजी कितीही घट्ट धरून बसली असली तरी.

आता खरेदीकडे वळू. हँडलवाली तान्ह्या बाळाची कॅरिअर मी आधीच बाजूला ठेवली. ती वाईट नाही. दवाखान्यातून घरी आणायला आणि कॅबमधून फिरायला तिच्याइतकी सोयीची दुसरी नाही. पण ती १३ किलोपर्यंतच्या मुलाची म्हणून विकत असले तरी बहुतेक मुलं त्याआधी उंचीनेच तिच्याबाहेर जातात. वर्ष-दीड वर्षात दुसरी सीट घ्यावीच लागते. एकदाच खर्च करायचा असेल तर दोन पर्याय उरतात. एक, स्थिर कन्व्हर्टिबल सीट, जी आधी मागे तोंड करून आणि नंतर पुढे तोंड करून बांधता येते. दुसरी, तशीच पण तळावर गोल फिरणारी, आयसोफिक्सवाली, म्हणजे सीटबेल्टऐवजी गाडीतल्याच लोखंडी कड्यांत अडकणारी.

आमच्याकडे आधी पहिली होती. भावाच्या मुलाची सीट आमच्याकडे राहायला आली. अपघात न झालेली, सगळे भाग जागेवर असलेली, म्हणून बिनधास्त घेतली. अनोळखी माणसाकडून जुनी सीट मी घेणार नाही, कारण धडक बसलेली सीट बाहेरून धडधाकटच दिसते. काही महिन्यांनी आम्ही फिरणारी विकत घेतली. त्यामुळे दोन्हीबद्दल सांगतोय ते एकाच मुलीच्या, एकाच हॅचबॅकच्या आणि पुण्यातल्या एकाच सोसायटीच्या अनुभवावर. तुमची गाडी मोठी असेल तर यातलं निम्मं तुम्हाला लागू नसेल.

धडकेत कुठली जास्त वाचवते? माझ्या मते हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. नीट बांधलेली, मान्यता असलेली कुठलीही मागे तोंडाची सीट चांगली. बघायचा असतो तो मान्यतेचा केशरी स्टिकर. जुना युरोपीय नियम आर४४, तो वजनावर चालतो. नवा आर१२९, तो उंचीवर चालतो, बाजूने होणाऱ्या धडकेचीही चाचणी मागतो आणि किमान १५ महिने पूर्ण होईपर्यंत मूल मागे तोंड करूनच बसलं पाहिजे असं सांगतो. आपल्याकडचं मानक एआयएस-०७२. फिरणाऱ्या सीटमध्ये आर१२९वाल्या जास्त दिसतात, स्थिर सीटमध्ये आर४४ अजून भरपूर दिसतात. पण हा फरक फिरण्या-न फिरण्याचा नाही, मॉडेलचा आहे. आर१२९ची स्थिर सीट मिळत असेल तर या मुद्द्यावर दोन्ही सारख्याच.

स्थिर सीट घेणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र नक्की तपासा. डब्यावर '० ते १८ किलो' असं ठळक छापलेलं असतं. आत पुस्तिका उघडली की कळतं, मागे तोंड करून फक्त १३ किलोपर्यंत, आणि पुढे तोंड करून ९ किलोपासून. म्हणजे ज्यासाठी तुम्ही सीट घेताय ते १३लाच संपतं. १८ किलोपर्यंत मागे तोंड करून बसवता येणाऱ्या स्थिर सीटही असतात, पण त्या विचारून घ्याव्या लागतात, आणि दुकानदाराला हा प्रश्न सहसा कुणी विचारत नसल्यामुळे उत्तर तुम्हालाच पुस्तिकेत शोधावं लागतं.

बांधणीत फिरणारी पुढे आहे, यात मला फारशी शंका नाही. आयसोफिक्सच्या दोन कड्यांत दोन हात अडकवायचे, खट् आवाज ऐकायचा, सीटवरची खुणेची छोटी खिडकी हिरवी झालेली बघायची, सीटच्या पुढचा आधाराचा पाय गाडीच्या जमिनीवर टेकवायचा. झालं. सीटबेल्टवर बांधायची स्थिर सीट मात्र दर वेळी गुडघा रोवून, पट्टा ओढून, पुन्हा हलवून बघावी लागते. शिवाय काही गाड्यांमध्ये मागे तोंड करून बांधताना मागचा सीटबेल्ट पुरतच नाही. तो सीटला वळसा घालून येतो आणि बक्कल चार बोटं लांब राहतं. आमच्या गाडीत जेमतेम पुरत होता, भावाच्या नव्या गाडीत नाही. आणि हे इंटरनेटवर मागवून घरी आल्यावर कळतं.

फिरणारीचा त्रास तो आधाराचा पाय. मागच्या सीटसमोर जमिनीत झाकण असलेला कप्पा असेल तर त्यावर पाय टेकवायचा नसतो, झाकण दबतं. गाडीच्या पुस्तिकेत याबद्दल लिहिलेलं असतं, ते वाचा. आयसोफिक्सची मर्यादा मूल आणि सीट मिळून ३३ किलो, आणि फिरणारी सीट एकटीच बारा-पंधरा किलोची असते. त्यामुळे मूल मोठं झाल्यावर हे गणित करावं लागतं.

जागा दोन्ही खातात. मागे तोंड केलेली सीट म्हणजे पुढच्या प्रवाशाचे गुडघे डॅशबोर्डला, हे हॅचबॅकवाल्यांनी मान्यच करून टाकावं. आमच्याकडे पुढे बायको बसते, ती माझ्यापेक्षा बुटकी आहे, म्हणून भागलं. सहा फुटी माणूस पुढे बसणार असेल तर दुकानातच मोजून बघा.

आता ज्या गोष्टीवरून माझं ठरलं ती सांगतो. ती सुरक्षेच्या कुठल्याच तक्त्यात नसते.

आमची पार्किंगची जागा दोन खांबांच्या मध्ये आहे. गाडी लावली की डावीकडचं मागचं दार हात-सव्वा हात उघडतं. सीट डावीकडेच हवी, कारण रस्त्यावर थांबलं तर मूल फुटपाथच्या बाजूने उतरवता येतं. स्थिर सीट मागे तोंड करून बांधलेली असते तेव्हा तिचा उंच काठ दाराकडे येतो. म्हणजे अर्धवट उघड्या दारातून आत वाकायचं, मुलीला डोक्यावरच्या चौकटीपासून वाचवत काठावरून पलीकडे न्यायचं, आणि मग पिंपाच्या तळाचे तांदूळ काढायला वाकावं तसं आत वाकून दोन्ही हात पट्ट्यांत घालायचे, बक्कल लावायचं, पट्टे ओढायचे. मुलगी सात किलोची असताना हे जमतं. दहाची झाली, आणि कमान करायची कला तिला अवगत झाली, की जमत नाही. माझी कंबर धरली ती वेगळी गोष्ट. खरी अडचण माझ्या आईची झाली. ती पासष्टच्या पुढची आहे, नातीला पाळणाघरातून आणायचं काम तिचं आणि ड्रायव्हरचं. तिला पट्टे नीट ओढताच यायचे नाहीत. खांद्यावरचा पट्टा चिमटीत पकडता येण्याइतका सैल राहायचा. मी घरी आल्यावर बघायचो आणि तिला काही बोलायची सोय नव्हती, कारण तिचं म्हणणं बरोबर होतं: "अरे, तू एकदा माझ्या गुडघ्यांनी वाकून बघ."

फिरणारी सीट दाराकडे वळवली की मूल समोरासमोर येतं. आई उभ्या उभ्या बसवते, पट्टे दोन्ही हातांनी ओढते, मग सीट मागे फिरवून टाकते. खट् वाजलं की हिरवी खूण बघायची, आडव्या स्थितीत गाडी कधी हलवायची नाही, एवढंच तिला शिकवावं लागलं. पट्टे आता घट्ट असतात. सीटच्या पाठीत किती फोम आहे यापेक्षा मला हा फरक मोठा वाटतो. पट्टा सैल असेल तर बाकी सगळी सुरक्षा कागदावर राहते.

आणि याचाच दुसरा परिणाम, जो मी आजूबाजूला बघतोय. स्थिर सीटवाली मंडळी मूल वर्षाचं झालं की पुढे तोंड करून टाकतात. कारण विचारलं तर 'पाय अवघडतात' असं सांगतात. पाय दुमडून बसण्यात मुलांना काही वाटत नाही, ती घरीही मांडी घालूनच बसतात. खरं कारण, मला वाटतं, बसवण्याची कटकट. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्ये दोन वर्षांपर्यंत मागे तोंड असं सांगितलं होतं. २०१८ मध्ये वयाची अटच काढून 'सीटची मर्यादा संपेपर्यंत' असं केलं. स्वीडनमध्ये चार वर्षांपर्यंत मुलं मागे तोंड करून बसणं सर्रास आहे. तिथे ही कल्पना साठच्या दशकात बर्टिल आल्डमन नावाच्या प्राध्यापकांनी आणली, अंतराळवीर उड्डाणात पाठीवर भार घेऊन बसतात ते पाहून. ज्या सीटवर बसवणं सोपं, तीच जास्त दिवस मागे तोंड करून राहते, असा माझा अंदाज आहे. सिद्ध करून दाखवायला माझ्याकडे काही नाही, पण आमची मुलगी दोन वर्षांची होऊन गेली तरी मागेच तोंड करून बसते आणि घरात कुणी विषय काढत नाही.

उलट बाजूही आहे. फिरणारी सीट पुढे करणं एका खटक्याचं काम असतं, म्हणून मोह होतो. खंबाटकीच्या घाटात मूल रडायला लागलं की पुढच्या सीटवरून कुणीतरी म्हणतंच, "जरा फिरव ना तिला आमच्याकडे." काही मॉडेलमध्ये लहान वयात पुढे फिरू न देणारा अडसर असतो. तसा असलेली घ्या.

स्थिर सीटचा खरा फायदा पैशाचा आणि हलवाहलवीचा. फिरणारी मला जवळजवळ दुप्पट पडली. आणि ती एका गाडीतून दुसऱ्या गाडीत न्यायची म्हणजे दोन माणसांचं काम. दर शनिवारी सासरची गाडी, गावी गेलं की काकांची जीप, मध्येच भाड्याची टॅक्सी, असं तुमचं असेल तर फिरणारी घेऊ नका, असंच मी म्हणेन. जुन्या गाड्यांत आयसोफिक्स नसतंच, तिथे प्रश्नच मिटला. ज्यांची पार्किंगची जागा मोकळी आहे आणि मूल नेहमी आई किंवा वडीलच बसवतात, त्यांनीही उरलेले पैसे वाचवून १८ किलोपर्यंतची चांगली स्थिर सीट घेतली तर माझी काही तक्रार नाही.

दोन्हींना सारख्याच लागू असलेल्या गोष्टी थोडक्यात. मागे तोंडाची सीट पुढच्या प्रवाशाच्या जागी लावू नका. तिथली एअरबॅग उघडली की ती थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे मुलाच्या डोक्यामागे आदळते, आणि आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत ती बंद करायची कळ नसते. उन्हात मागच्या काचेतून ऊन सरळ तोंडावर येतं, तेव्हा जाळीचा पडदा लागतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत बक्कलची धातूची जीभ आधी स्वतःच्या हाताला लावून बघा. भारत एनकॅपच्या, म्हणजे गाड्या धडकवून त्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या, चाचण्या ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाल्या आहेत. त्यांत दीड आणि तीन वर्षांच्या मुलांचे पुतळे ठराविक सीटमध्ये बसवून ४९ पैकी गुण देतात. तुमच्या गाडीला तिथे चांगले तारे मिळाले म्हणून तुम्ही आणलेली कुठलीही सीट तिच्यात तशीच वागेल असं नाही. कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्यातलं कलम १९४ब चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर एक हजार रुपये दंड सांगतं. मला आजवर कुणी अडवून विचारलेलं नाही.

दुकानात जाताना गाडी आणि मूल दोन्ही घेऊन जा. सीट गाडीत लावून दाखवायला सांगा, दार मुद्दाम तुमच्या पार्किंगमध्ये उघडतं तितकंच उघडा, आणि मुलाला बसवायचं काम दुकानदाराला नाही, घरात रोज जो हे करणार आहे त्याला करू द्या. फिरणारी सीट तिथे दाखवायला नसेल तर एक-दोन दुकानं फिरा, पण हे करून बघितल्याशिवाय मागवू नका.