छोटा ट्रॅक्टर आणि त्यामागचा बॅकहो: निवड कशावरून करावी

छोट्या ट्रॅक्टरला बॅकहो, म्हणजे मागे बसणारा खोदाईचा हात, घ्यायचे ठरवले की बहुतेकांची नजर प्रथम दोन आकड्यांवर जाते: इंजिनाची अश्वशक्ती आणि खोदाईची कमाल खोली. माहितीपत्रकात हेच आकडे ठळक छापलेले असतात, त्यामुळे त्यात नवल नाही. परंतु यंत्र घरी आल्यानंतर सुख किंवा मनस्ताप देणाऱ्या गोष्टी वेगळ्याच असतात. बॅकहो ट्रॅक्टरला कोठे आणि कसा जोडला जातो आणि वर्षातून किती वेळा तो काढावा-लावावा लागणार आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे आधी मिळवली, तर आकड्यांना त्यांची योग्य जागा आपोआप मिळते.

आधी जोडणीचा विचार करू, कारण सर्वांत मोठा फरक तेथेच पडतो. एका प्रकारात बॅकहो नांगर किंवा रोटाव्हेटरप्रमाणे मागच्या थ्री पॉइंट लिंकेजवर, म्हणजे औजारे जोडण्याच्या तीन दांड्यांवर, बसतो. दुसऱ्या प्रकारात त्याच्या पोलादी सबफ्रेमच्या (खालच्या सांगाड्याच्या) दोन पट्ट्या ट्रॅक्टरच्या पोटाखालून पुढे जाऊन लोडरच्या, म्हणजे पुढच्या माती उचलणाऱ्या बकेटच्या, आधारांना मिळतात. अनेक ट्रॅक्टरांना ट्रकसारखी स्वतंत्र चासी (सांगाडा) नसते. इंजिन, क्लचचे घर आणि गिअरबॉक्स बोल्टने एकमेकांना जोडलेले असतात आणि हे ओतीव भागच सगळा भार पेलतात. बॅकहोचे दात एखाद्या जाड मुळात किंवा दगडाखाली अडकले आणि चालकाने जोर लावला, की लिंकेजवरच्या बॅकहोचा धक्का थेट गिअरबॉक्सच्या मागच्या ओतीव घरावर येतो, आणि ते तडकण्याची शक्यता निर्माण होते. याहून गंभीर गोष्ट अशी की असा बॅकहो खालच्या दोन पिनांभोवती उचलला जाऊन चालकाच्या आसनाकडे येऊ शकतो. लिंकेजची वरची कडी भक्कम नसेल किंवा तिची पिन तुटली, तर चालक ट्रॅक्टर आणि बॅकहो यांच्यामध्ये चिरडला जाण्याचा धोका असतो. सबफ्रेममध्ये तोच जोर ट्रॅक्टरच्या लांबीभर विभागला जातो.

तरीही थ्री पॉइंटचा बॅकहो सरसकट बाद ठरवणे बरोबर होणार नाही. ट्रॅक्टर आधीपासून आहे, माती मऊ आहे, काम वर्षातून काही दिवसांचे आणि उथळ चरांचे आहे, अशा ठिकाणी तो भागवून नेतो. शिवाय ट्रॅक्टर बदलला तरी तो नव्या ट्रॅक्टरला लावता येतो. सबफ्रेम मात्र विशिष्ट मॉडेलसाठीच घडवलेली असते, तिच्यामुळे ट्रॅक्टरच्या पोटाखालचे अंतर कमी होते आणि मधोमध बसणारे गवत कापायचे यंत्र काही मॉडेलांवर एकाच वेळी ठेवता येत नाही. मुरूम, चिकणमाती किंवा झाडांची खोडे हे नेहमीचे काम असेल, तर माझ्या मते सबफ्रेमशिवाय दुसरा पर्याय विचारातच घेऊ नये. कोणताही बॅकहो घेण्यापूर्वी ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत त्या जोडणीला परवानगी आहे का, हे वाचून घ्यावे. परवानगी नसलेल्या जोडणीमुळे झालेले नुकसान वॉरंटीत बसण्याची आशा धरता येत नाही.

आता आकाराकडे वळू. 20 ते 25 अश्वशक्तीच्या सर्वांत लहान वर्गात, उदाहरणार्थ कुबोटा बीएक्स23एसमध्ये, खोदाईची खोली सुमारे 6 फूट मिळते. 35 ते 50 अश्वशक्तीच्या वर्गात ती साधारणपणे 8 ते 10 फुटांपर्यंत जाते. हा आकडा वाचताना एक बारकावा लक्षात ठेवावा. कमाल खोली ही हात पूर्ण खाली ताणल्यावर बकेटचे दात जेथे टेकतात त्या एका बिंदूची असते. पाइप टाकण्यासाठी तळ सपाट लागतो, आणि सपाट तळाचा चर नेहमी त्याहून उथळ निघतो. ज्याला 5 फुटांवर पाइप टाकायचा आहे त्याने 6 फुटांच्या यंत्रावर समाधान मानण्यापूर्वी सपाट तळाच्या खोलीचा आकडा मागून घ्यावा.

खोलीपेक्षाही वजन अधिक बोलते. बकेटचा जोर इंजिनाच्या अश्वशक्तीवर फारसा अवलंबून नसतो. तो हायड्रॉलिक दाब, सिलिंडरचा व्यास आणि दांड्यांची रचना यांवर ठरतो. हलक्या यंत्रात हा जोर पुरेसा असला तरी जमीन फुटण्याऐवजी ट्रॅक्टरच खड्ड्याकडे ओढला जातो, म्हणून स्टॅबिलायझर, म्हणजे बॅकहोचे दोन आधाराचे पाय, घट्ट रोवून पुढचे लोडर बकेटही जमिनीत दाबून ठेवावे लागते. मराठीत आपण कोणत्याही बॅकहोला सर्रास ‘जेसीबी’ म्हणतो आणि तेथूनच अपेक्षांचा घोटाळा सुरू होतो. ते मोठे यंत्र सात-आठ टनांचे असते आणि त्याचा मागचा हात मुळातच चासीचा भाग असतो. छोट्या ट्रॅक्टरला कठीण मातीत 24 इंची बकेट लावण्यापेक्षा 12 इंची बकेटने दोन फेऱ्या मारणे शहाणपणाचे ठरते. लहान वर्गाची खरी जमेची बाजू म्हणजे तो अरुंद फाटकातून आत जातो आणि ओली जमीन कमी दाबतो.

हायड्रॉलिक तेलाच्या पुरवठ्याबाबत थोडक्यात सांगायचे तर सबफ्रेमचा बॅकहो बहुधा ट्रॅक्टरच्याच हायड्रॉलिकवर चालतो, तर थ्री पॉइंटच्या अनेक बॅकहोंना पीटीओवर (इंजिनाची ताकद औजाराला देणाऱ्या मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणारा स्वतंत्र पंप आणि टाकी असते. जुन्या ट्रॅक्टरचा पंप कमजोर असेल, तर ही दुसरी सोय उपयोगी पडते. हायड्रोस्टॅटिक गिअर, म्हणजे क्लच न दाबता तेलाच्या दाबावर चालणारा गिअर, खोदताना काही फरक पाडत नाही, पण लोडरने माती हलवताना पुढे-मागे करणे त्यामुळे फार सुकर होते.

आता दुसरा प्रश्न, काढण्या-लावण्याचा. बॅकहो लावलेला असताना मागची लिंकेज वापरता येत नाही, म्हणजे रोटाव्हेटर किंवा पाते जोडण्यासाठी प्रत्येक वेळी काही शे किलोंचा बॅकहो उतरवावा लागतो. सपाट आणि कठीण फरशीवर सवयीच्या माणसाला हे पाव ते अर्ध्या तासाचे काम आहे. उतारावर किंवा चिखलात ठेवलेला बॅकहो मात्र पुन्हा जुळवताना घाम काढतो. दर आठवड्याला मागची औजारे बदलणाऱ्या माणसाचा बॅकहो शेवटी शेडच्या कोपऱ्यात पडून राहतो. अशा माणसाने फक्त लोडरचा ट्रॅक्टर घ्यावा आणि खोदाईपुरता मिनी एक्स्कॅव्हेटर (स्वतःच चालणारे छोटे खोदकाम यंत्र) भाड्याने आणावा, असे मी सुचवेन. सुमारे पावणेदोन टनांचे असे यंत्र सव्वादोन मीटरच्या आसपास खोदते, पूर्ण वर्तुळात फिरून कोणत्याही बाजूला माती टाकते आणि चराच्या कडेने सरकत जाते. बॅकहोला मात्र दर काही फुटांवर स्टॅबिलायझर उचलून, आसन फिरवून, ट्रॅक्टर पुढे घेऊन पुन्हा रोवावे लागते. लांब चरांमध्ये हा फरक तासांचा पडतो. याउलट, आज एक खोड, महिन्याने एक खड्डा, मध्येच फुटलेली पाइपलाइन, असे तुकड्यातुकड्याचे काम वर्षभर चालू असेल, तर लोडर आणि बॅकहो कायम लावलेला ट्रॅक्टर कोणत्याही भाड्याच्या यंत्राला भारी ठरतो.

जुना बॅकहो पाहायला गेल्यास इंजिन सुरू करण्यापूर्वी बकेट हाताने आडवे हलवून पाहावे. पिन आणि बुश (पिनेभोवतीच्या नळ्या) झिजले असतील, तर तेथेच ढिलाई जाणवते. त्यानंतर वेल्डिंगच्या जागी नवा रंग कोठे दिलेला आहे, सिलिंडरच्या दांड्यांवर ओरखडे आणि तेल आहे का, हे पाहावे. शेवटी हात ताणून बकेट जमिनीपासून वर धरून इंजिन बंद करावे, हाताखाली कोणालाही उभे राहू देऊ नये आणि दहा मिनिटांत तो किती खाली येतो ते मोजावे.