फुल-स्टॅक कोर्स करून डेव्हलपर झाले: कामात रुळल्यावरचा अनुभव

कोर्स संपून वर्ष होत आलं आणि ज्युनियर डेव्हलपर म्हणून लागून पण आता बरेच महिने झालेत, म्हणून आता लिहायला बसलेय. कोर्स संपल्या संपल्या लोक जे रिव्ह्यू टाकतात त्यात सर किती छान शिकवतात नाहीतर प्लेसमेंट मिळाली का नाही, एवढंच असतं. त्यांचा दोष नाही, कारण शिकलेल्यातलं उद्या काय कामाला येणारे हे त्या वेळी कळतच नाही. ते कळायला रोज उठून दुसऱ्यानं लिहिलेल्या कोडमध्ये डोकं घालावं लागतं. मी आधी अकाउंट्समध्ये होते, कंप्युटरची डिग्री नाही, तेव्हा दुसऱ्या फील्डमधून इकडे यायचा विचार करणाऱ्यांना हे जास्त उपयोगी पडेल असं वाटतं.

कोर्स नेहमीचाच होता, फुल-स्टॅक म्हणजे वेबसाइटची दिसणारी बाजू आणि मागची बाजू दोन्ही. एचटीएमएल, सीएसएस, मग जावास्क्रिप्ट, मग रिअ‍ॅक्ट, बॅकएंडला (मागच्या, सर्व्हरच्या बाजूला) नोड आणि एक्सप्रेस, डेटाबेस मोंगोडीबी, शेवटी शेवटी थोडं गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल), थोडं एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा), आणि मग कॅपस्टोन, म्हणजे शेवटचा मोठा प्रोजेक्ट. जावास्क्रिप्ट मात्र फार मनापासून शिकवलं, हे मोकळेपणानं सांगते. क्लोजर म्हणजे काय, प्रॉमिस कसं चालतं, इव्हेंट लूपमध्ये कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर, हे सगळं कागदावर काढून काढून घेतलं होतं आणि ते आजही रोज कामाला येतं. रिअ‍ॅक्ट पण बरं घेतलं. गिट आणि एसक्यूएल मात्र गुंडाळलं अक्षरशः, आणि आज कामावर माझा निम्मा वेळ त्या दोनच गोष्टींवर जातो.

सगळ्यात मोठा फरक सांगते. कोर्समध्ये दर वेळी नवीन फोल्डर करायचं, रिकामी फाइल उघडायची आणि शून्यापासून लिहायला लागायचं. नोकरीत रिकामी फाइल मला क्वचितच मिळालीय. इथे आधीच हजारो फाइल्स आहेत, ज्यांनी लिहिल्या त्यातले अर्धे लोक कंपनी सोडून गेलेत, काही भाग रिअ‍ॅक्टमध्ये, काही भाग अजून जेक्वेरी या त्याहून जुन्या लायब्ररीमध्ये (ती २००६ ची, रिअ‍ॅक्ट बाहेर आलं २०१३ ला, म्हणजे मधली अख्खी पिढी जेक्वेरीवर लिहीत होती आणि ते कोड काही पळून गेलेलं नाही), आणि तुम्हाला म्हणतात की या स्क्रीनवर एक फिल्टर वाढव. फिल्टर लिहायला अर्धा तास लागतो. तो कुठे लिहायचा, त्यानं दुसरं काय मोडेल, हे शोधायला दिवस जातो. म्हणजे वाचणं हेच मुख्य काम आहे आणि कोर्समध्ये वाचायला कधीच लावलं नाही.

एक तिकीट, म्हणजे आमच्याकडे नोंदवलेली एक तक्रार, सांगते म्हणजे नीट कळेल. तक्रार अशी होती की काही युजर्सना बिलाची ड्यू डेट एक दिवस आधीची दिसते. सगळ्यांना नाही, काहींनाच. आमच्या कोणाच्याच मशीनवर ते दिसेना. डेटाबेसमध्ये तारीख बरोबर, एपीआयमधून (सर्व्हरकडून स्क्रीनकडे) येणारी तारीख बरोबर, स्क्रीनवर चूक. मग मी नेहमीच्या सवयीनं ज्यांना चूक दिसते त्यांची यादी केली आणि त्यांच्यात सारखं काय ते बघायला लागले, तर ते सगळे यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेच्या, मागच्या टाइमझोनमधले निघाले. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये सेन्सर्स म्हणून एक भाग आहे, तिथून लोकेशन बदललं की टाइमझोन पण बदलतो, तसं करून पाहिलं आणि लगेच दिसलं. जावास्क्रिप्टच्या डेटला '२०२४-०३-०१' अशी नुसती तारीख दिली की ते ती यूटीसीची मध्यरात्र समजतं, आणि दाखवताना मात्र युजरच्या लोकल वेळेत दाखवतं, मग यूटीसीच्या मागे राहणाऱ्याला ती २९ फेब्रुवारीच दिसणार. त्याच तारखेपुढे वेळ लावली आणि झोन लिहिला नाही, तर तेच डेट लोकल वेळ धरतं! ही भाषा १९९५ मध्ये दहा दिवसांत उभी केली होती आणि तारखेचा भाग त्या वेळच्या जावावरून जवळजवळ तसाच उचलला होता, महिने शून्यापासून मोजायची भानगड पण तिथूनच आलीय. दुरुस्ती एका ओळीची झाली. पण कोर्समध्ये शिकलेलं इव्हेंट लूप, रिअ‍ॅक्टचे हुक्स, यातलं काही तिथे लागलं नाही. लागलं ते इतकंच की डेटा कुठपर्यंत बरोबर आहे आणि कुठल्या पायरीवर बिघडतो हे एकेक टप्पा तपासत जायचं.

आणि हे मला अकाउंट्समुळे येत होतं, हे मी ठासून सांगेन. महिनाअखेरीला टॅली लागत नाही तेव्हा तुम्ही काय करता? अर्ध्यापर्यंत बघता, तिथवर जुळतंय का, जुळत असेल तर गडबड पुढच्या अर्ध्यात. गिटमध्ये बायसेक्ट म्हणून कमांड आहे ती नेमकं हेच करते. एक चांगला कमिट (गिटमध्ये नोंदवलेला एक बदल) सांगायचा, एक बिघडलेला सांगायचा, ती मधला काढून देते, तुम्ही तपासून चांगला का वाईट ते सांगता, परत मधला. मध्ये हजार कमिट असले तरी साधारण दहा पायऱ्यांत बरोब्बर तो कमिट हातात येतो ज्यानं मोडलं. मला कोणी ही कमांड कोर्समध्ये सांगितली असती तर मी त्या दिवशी नाचले असते. पण कोर्सचं गिट म्हणजे अ‍ॅड, कमिट, पुश. संपलं. ब्रँच (कोडची वेगळी फांदी) काढून दोघांनी एकाच फाइलवर काम करायचं, मग दोघांचे बदल एकमेकांवर आदळले की तो कॉन्फ्लिक्ट सोडवायचा, पुल रिक्वेस्ट (माझा बदल मुख्य कोडमध्ये घ्या अशी विनंती) टाकायची, कोणीतरी ती वाचणार, कॉमेंट करणार, हे काहीच नाही. गिटचीच ब्लेम कमांड लावून ही ओळ कोणी, कधी आणि कोणत्या तिकिटासाठी लिहिली ते बघायचं, हे तर मी आता दिवसातून कितीतरी वेळा करते.

जुन्या फील्डचा विषय निघालाच आहे तर अजून एक. आमच्याकडे बिलाची बेरीज कधी कधी शेवटच्या आकड्यात चुकायची. ज्यांनी मॉड्यूल लिहिलं त्यांना ते राउंडिंगचं किरकोळ प्रकरण वाटत होतं. मला ते बघूनच अस्वस्थ व्हायला झालं, कारण हिशेबात किरकोळ फरक असा नसतोच, एकतर जुळतं किंवा नाही. कारण साधं आहे, ब्राउझरच्या कन्सोलमध्ये ०.१ + ०.२ टाकून बघा, उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं, कारण हे आकडे आत बायनरीमध्ये ठेवतात आणि ०.१ बायनरीत अचूक बसतच नाही. म्हणून रक्कम सगळ्यात लहान एककात पूर्णांक म्हणून ठेवायची नाहीतर डेटाबेसचा डेसिमल टाइप वापरायचा, आणि राउंडिंग प्रत्येक ओळीवर करायचं का शेवटच्या बेरजेवर हे आधी ठरवून घ्यायचं. यातला पहिला भाग कोणीही प्रोग्रामर सांगेल, पण ओळीवर का बेरजेवर हा प्रश्न मीटिंगमध्ये मीच विचारला आणि त्यावर बराच वेळ चर्चा झाली. त्यामुळे आधीची वर्षं वाया गेली असं जे करिअर बदलणाऱ्यांना सारखं वाटत राहतं ना, ते मनातून काढून टाका. तुम्ही नर्सिंगमधून या, शिकवण्यातून या, गोडाऊन सांभाळून या, त्या त्या कामातल्या खाचाखोचा तुम्हाला माहिती असतात आणि सॉफ्टवेअर शेवटी त्या कामांसाठीच लिहितात.

एसक्यूएलबद्दल थोडं. कोर्समध्ये मोंगोडीबी घेतलं कारण जावास्क्रिप्टवाल्यांना ते पटकन जमतं, ठीक आहे, पण मी ज्या टीममध्ये आहे तिथे पोस्टग्रेस हा एसक्यूएलवर चालणारा डेटाबेस आहे आणि इंटरव्ह्यूला जिथे जिथे गेले तिथे पण जॉइन (टेबलं जोडणं) आणि ग्रुप बाय (नोंदींचे गट करणं) विचारलंच. डेटा टेबलांमध्ये मांडायचं हे रिलेशनल मॉडेल एडगर कॉड या संगणकशास्त्रज्ञानं १९७० मध्ये मांडलं तेव्हापासून इतकी वर्षं टिकून राहिलेली ही गोष्ट आहे, ती दोन लेक्चरमध्ये उरकायची नसते. कामावर शिकलेली सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे क्वेरीच्या (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाच्या) आधी एक्सप्लेन लावायचं. मग दिसतं की डेटाबेस इंडेक्स (पुस्तकाच्या सूचीसारखी यादी) वापरतोय का अख्खं टेबल पहिल्या ओळीपासून चाळत बसलाय. दुसरी म्हणजे ओआरएम (आपल्या कोडवरून स्वतःच क्वेरी बनवणारी लायब्ररी) वापरताना लपून होणाऱ्या क्वेरी, शंभर ऑर्डरची यादी काढायला एक क्वेरी आणि मग प्रत्येक ऑर्डरच्या ग्राहकाचं नाव काढायला एकेक अशा एकशे एक क्वेरी जातात आणि कोडमध्ये फक्त एक साधा लूप दिसतो. कोर्सच्या प्रोजेक्टमध्ये दहा रेकॉर्ड असतात त्यामुळे हे कधी जाणवतच नाही.

नोकरी कशी मिळाली हे सगळे विचारतात. प्लेसमेंट सहाय्य म्हणून जे होतं त्यात रेझ्युमे नीट करून दिला, दोन-चार मॉक इंटरव्ह्यू घेतले आणि जाहिरातींच्या लिंक्स पाठवत राहिले. त्यातून नोकरी लागली नाही, माझी मी शोधली. पण मॉक इंटरव्ह्यूचा फायदा झाला, बोलायची भीती गेली. कॅपस्टोनला आमच्या बॅचमध्ये जवळपास सगळ्यांनी तेच शॉपिंग साइटचं क्लोन केलेलं, आणि इंटरव्ह्यू घेणाऱ्याला ते पहिल्या मिनिटात कळतं. मला मदत झाली ती मी नंतर घरी बसून केलेल्या एका लहानशा टूलची, बँकेचं स्टेटमेंट आणि आपली वही ताडून न जुळणाऱ्या नोंदी काढून देणारं. दिसायला साधं, पण त्यावर मला अर्धा तास प्रश्न विचारले आणि प्रत्येकाचं उत्तर माझ्याकडे होतं, कारण प्रत्येक निर्णय मी स्वतः घेतलेला. एका ठिकाणी विचारलं की लॉगिनचा पासवर्ड डेटाबेसमध्ये कसा ठेवलाय, मी बीक्रिप्ट (पासवर्ड परत ओळखता येणार नाही असा बदलून ठेवायची पद्धत) म्हटलं, तर पुढचा प्रश्न, साधा एसएचए (तशीच, पण भराभर चालणारी पद्धत) का नाही? उत्तर हे की बीक्रिप्ट मुद्दाम हळू चालतं आणि किती हळू ते आपण वाढवू शकतो, त्यामुळे डेटा चोरीला गेला तरी अंदाजानं पासवर्ड लावून बघणाऱ्याला प्रत्येक प्रयत्न महागात पडतो. लायब्ररी वापरणं आणि ती का वापरली हे सांगता येणं यात इंटरव्ह्यू पास-नापास होतो, हे मी स्वतः पाहिलंय.

टीमबद्दल चांगलंच बोलेन. सुरुवातीला माझ्या प्रत्येक पुल रिक्वेस्टवर सीनियरच्या कॉमेंट्सची रांग लागायची, हे नाव बदल, हे फंक्शन दोन कामं करतंय, इथे नल (रिकामी किंमत) आला तर काय. सुरुवातीला छातीत धडधडायचं. पण त्या वाचून वाचूनच मी शिकले, कोर्सच्या शेवटच्या महिन्याभरात जेवढं शिकले त्यापेक्षा तिथे आठवड्यात जास्त. कोर्समध्ये असाइनमेंटला फक्त मार्क मिळायचे, कोड उघडून कोणी ओळीनं वाचल्याचं मला तरी आठवत नाही, आणि हीच माझी या कोर्सबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार आहे. शिकवणारे चांगले होते, पण कोड वाचून दाखवणारं कोणी नव्हतं.

एआयचं पण विचारतात, की आता कोर्स करण्यात अर्थ आहे का. मी रोज वापरते. कोड भराभर लिहून मिळतं, पण वर सांगितलेल्या तारखेच्या भानगडीत त्यानं तीन वेगवेगळी कारणं अगदी आत्मविश्वासानं दिली आणि त्यातलं खरं कुठलं हे टाइमझोन बदलून मलाच तपासावं लागलं. लिहिणं सोपं झालंय तर वाचणं आणि तपासणं याला उलट जास्त किंमत आलीय, म्हणून बेसिक कच्चं ठेवून चालणार नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

कोणी फी भरायच्या तयारीत असेल तर आधी एक लेक्चर बसून बघा आणि थेट विचारा की असाइनमेंटचं कोड कोण वाचतं आणि किती दिवसांत कॉमेंट देतं, ग्रुप प्रोजेक्ट एकाच रेपोमध्ये (गिटमधल्या कोडच्या सामायिक साठ्यात) ब्रँच आणि पुल रिक्वेस्ट करून होतो का झिप फाइल पाठवायची असते, एसक्यूएलला किती तास आहेत, एखाद्या चालू ओपन सोर्स प्रोजेक्टमधला बग शोधायला लावतात का. प्लेसमेंटचा आकडा सांगितला तर अ‍ॅडमिशन घेतलेल्या सगळ्यांपैकी किती जण, कुठल्या पदावर आणि कोर्सनंतर किती महिन्यांनी लागले हे विचारा, कारण मध्येच सोडून गेलेले बरेचदा मोजलेच जात नाहीत. उत्तर द्यायला टाळाटाळ केली तर दुसरीकडे बघा, घाई नाही.

मला परत निवडायचं असतं तर मी कोर्स केलाच असता, एकटीनं व्हिडिओ बघून माझ्याच्यानं झालं नसतं, ठरलेली वेळ आणि सोबतची बॅच यामुळेच मी टिकले. फक्त शेवटचे जे आठवडे आम्ही त्या शॉपिंग क्लोनची बटणं आणि रंग ठीक करण्यात घालवले, तेवढ्यात कोणाचं तरी जुनं, चालू असलेलं कोड हातात द्यायला हवं होतं. ती कसर मी आता भरतेय, सध्या सुट्टीच्या दिवशी लिनक्सच्या कमांड्स आणि लॉग वाचणं चालू आहे, कारण पुढच्या महिन्यापासून प्रॉडक्शन सपोर्टच्या (प्रत्यक्ष वापरात असलेली सिस्टिम सांभाळायच्या) रोटेशनमध्ये माझं पण नाव लागलंय.