सहा महिने एचलिंट आणि युनिप्लेट: 'अव्हॉइड लॅम्डा'ने आणलेला वैताग

हॅस्केल भाषेचा कंपायलर जीएचसी ८.१० वरून ९.२ वर गेल्यावर दोन ठिकाणी टाइप जुळेनात. ९.० पासून टाइपच्या आत खोलवर 'फॉरऑल' ('कोणत्याही टाइपसाठी' अशी खूण) असेल तर कंपायलर ते स्वतःहून सांभाळून घेत नाही; ९.२.४ पासून 'डीप-सबसम्प्शन' एक्स्टेंशन चालू असेल तरच घेतो. उपाय एका ओळीचा: नुसतं एफ हे फंक्शन न देता, एक्स घेऊन एफला देणारा लॅम्डा (निनावी फंक्शन) हाताने लिहायचा. लिहिला, कोड कंपाइल झाला, आणि कोडमध्ये सुधारणा सुचवणारं एचलिंट हे टूल आडवं आलं: 'अव्हॉइड लॅम्डा', म्हणजे लॅम्डा टाळा. ऐकलं तर कोड मोडतो, नाही ऐकलं तर एक्झिट कोड १ आणि सीआय (कोडची आपोआप होणारी तपासणी) लाल! चिडायला एवढं पुरेसं आहे.

३.० पासून एचलिंट जीएचसीचाच पार्सर (कोड वाचून त्याची रचना ओळखणारा भाग) वापरतं, पण टाइप तपासत नाही. तो लॅम्डा का लिहिलाय हे त्याला कळणं शक्यच नाही.

ही सूचना सरसकट बंद करावी असं आधी वाटत होतं. आता नाही, कारण खरोखर फालतू लॅम्डाही तीच पकडते. त्या फंक्शनपुरती 'इग्नोर'ची कॉमेंट टाकावी, किंवा एचलिंटच्या यामल सेटिंग फाइलमध्ये 'विदिन' देऊन मॉड्यूलपुरती सूट द्यावी. त्याच कामाचा 'एएनएन' प्रॅग्मा (कोडमध्ये लिहायची कंपायलरसाठीची खूण) टाळा. ओव्हरलोडेड-स्ट्रिंग्ज हे एक्स्टेंशन चालू असेल तर तिथे स्ट्रिंगचा टाइपही लिहावा लागतो. सूचना आपोआप लागू करणारं '--रिफॅक्टर' आधी कोड कमिट केल्याशिवाय चालवू नका.

युनिप्लेट, म्हणजे झाडासारख्या डेटात फिरायचं पॅकेज, हेही एचलिंटच्याच लेखकाचं, नील मिचेल यांचं. एचलिंट आतून तेच वापरतं. आपल्या टाइपला 'डिराइव्हिंग डेटा' लिहिलं की 'युनिव्हर्सबाय' सगळी व्हेरिएबल्स एका ओळीत गोळा करतं, टाइपमध्ये नवा कन्स्ट्रक्टर (नोडचा नवा प्रकार) आला तरी ती ओळ तशीच राहते. हे सुख मोठं आहे.

पण सब्स्टिट्यूशनसाठी (व्हेरिएबलच्या जागी दुसरं काही घालायला) युनिप्लेटचं 'ट्रान्सफॉर्म' नको. ते खालून वर प्रत्येक नोडला हात लावतं, स्कोप (कोणतं नाव कुठपर्यंत लागू) त्याला माहीत नाही. एक्सच्या जागी ५ घालायला सांगा, 'लॅम्डा एक्स, एक्स'चं 'लॅम्डा एक्स, ५' होऊन बसतं. त्याऐवजी तीन ओळींचं रिकर्सिव्ह फंक्शन: व्हेरिएबल जुळलं तर बदला, त्याच नावाचा लॅम्डा दिसला तर तसाच परत द्या, बाकी सगळ्यांना 'डिसेंड', म्हणजे तेच फंक्शन थेट आतल्या भागांना लावा. घालायच्या एक्स्प्रेशनमध्ये मोकळी (आतल्या कुठल्याच लॅम्डाची नसलेली) व्हेरिएबल्स असतील तर लॅम्डाचं नावही आधी बदलावं लागतं.

'रीराइट' सोपीकरणाला उत्तम, कारण नियम लागायचा थांबेपर्यंत ते फिरत राहतं. म्हणूनच अ+ब चं ब+अ करणारा नियम त्यात घालू नका, ते कधीच थांबणार नाही.