अमेरिकेत नोकरीतल्या वर्णभेदाविरुद्ध दावा: एकट्यानं लढायचं की वकील घ्यायचा?

वकिलाच्या फीचा विचार करण्याआधी कॅलेंडर बघा. 1964 च्या नागरी हक्क कायद्याखाली कोर्टात जायचं तर आधी ईईओसी या केंद्रीय आयोगाकडे तक्रार लागते. त्यासाठी भेदभाव घडल्यापासून 180 दिवस मिळतात, राज्याची स्वतःची यंत्रणा असेल तर 300. एचआरकडे दाद मागत बसलात म्हणून ही मुदत थांबत नाही. कोर्टात जायला मोकळीक देणारं आयोगाचं पत्र आलं की दाव्यासाठी उरतात 90 दिवस.

तक्रार एकट्यानं करता येते, पैसेही लागत नाहीत. मात्र तक्रारीत न लिहिलेला मुद्दा पुढे कोर्टात मांडणं अवघड जातं. भेदभावाविरुद्ध बोललात म्हणून त्रास दिला गेला असेल, तर तेही तिथेच लिहा.

दावा दाखल करणंही जमण्यासारखं आहे. फेडरल कोर्टाची फी 405 डॉलर, ऐपत नसेल तर माफीचा अर्ज. वकील नसलेल्यांसाठी छापील फॉर्म आहे आणि त्यांच्या लिखाणातल्या तांत्रिक चुका न्यायाधीश फारशा ताणत नाहीत.

खरी कसोटी पुढे लागते. त्याच हुद्द्यावरच्या, वेगळ्या वर्णाच्या सहकाऱ्याला कसं वागवलं, याचे ईमेल आणि पगाराचे आकडे कंपनीकडे असतात. ते कायदेशीर मागण्या करून, साक्षी नोंदवून बाहेर काढावे लागतात. साक्ष टिपणाऱ्या स्टेनोग्राफरचा खर्च आपला. मग कंपनी समरी जजमेंट, म्हणजे खटला न चालवताच निकाल मागते. तिथे पुराव्यानिशी लेखी उत्तर जमलं नाही, तर प्रकरण ज्युरीपर्यंत पोचतच नाही. खऱ्या तक्रारीही इथे बुडतात, आणि वकिलाची किंमत मला इथेच दिसते.

अनेक वकील जिंकल्यावर वाटा घेतात, पण भरपाई लहान दिसली तर नकार देतात. 1964 च्या कायद्याखाली मानसिक त्रास आणि दंडात्मक भरपाई मिळून 15 ते 100 कर्मचाऱ्यांच्या कंपनीत कमाल 50,000 डॉलर, 500 च्या वर 3 लाख. बुडालेला पगार वेगळा. वंशभेदाविरुद्ध 1866 चा जुना नागरी हक्क कायदाही वापरता येतो; त्यात ही मर्यादा नाही, आयोगाची पायरीही नाही आणि मुदत साधारण चार वर्षं. पण वंश नसता तर असं घडलंच नसतं, हे सिद्ध करावं लागतं. एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या आपल्या लोकांनी लक्षात घ्यावं: निव्वळ जन्मदेशावरून झालेला भेदभाव त्यात बसत नाही, वांशिक ओळखीचा मुद्दा हवा.

माझं मत विचाराल तर तक्रार स्वतः करा आणि त्याच आठवड्यात वकिलाचा एक तास विकत घ्या. नोकरीच्या करारात लवादाची अट, म्हणजे वाद कोर्टाऐवजी खासगी लवादाकडे नेण्याचं बंधन आहे का, हे त्याला दाखवा. कोणीच प्रकरण घेतलं नाही, तर 90 दिवसांच्या आत स्वतः दावा दाखल करा आणि न्यायाधीशांकडे वकील नेमून मागा. 1964 च्या कायद्यात तशी तरतूद आहे, हमी नाही. घटनांची तारीखवार नोंद मात्र आजच सुरू करा, घरच्या वहीत, ऑफिसच्या लॅपटॉपवर नको.